दाही बोटं सरकारपाशी

आमच्या धामणगाव बढ्याहून खानदेश जवळच. आजीच्या लहानपणी तो दुसऱ्या प्रांतात होता. तिकडे मुंबई इलाखा, इकडे मध्यप्रांत-वऱ्हाड आणि अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे निजामाचं राज्य. सोयरीक जुळवायला कुणब्याला खानदेशची हद्द आडवी येत नसे. पारध्याला यायची.

आजी सांगायची, सुगीच्या दिवसांत गावाबाहेर पारध्यांची पालं पडत. बायका जात्याला टाकी लावून देत, म्हणून त्यांना टाकणकार म्हणायचे. पुरुष तितर-लाव्यांना फास लावत आणि रात्री आमच्याच शेताची राखण करत. मग एखाद्या सकाळी पाहावं तर पालं उठलेली. चुलीचे तीन दगड तेवढे मागे. "पोलीस आले असतील," एवढंच तिला ठाऊक.

का आले असतील, ते मला बेड्यावरच्या, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरच्या, एका आज्यानं सांगितलं. त्याचा बाप खानदेशातून हजेरी चुकवून वऱ्हाडात उतरला होता. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 मध्ये देशभर लागू झाला, 1924 मध्ये पुन्हा बांधून काढला गेला. जमात एकदा यादीत चढली की गुन्हा केलेला असो-नसो, माणसाची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर पासाशिवाय सापडला, तर पोलिसाचीही गरज नसे. गावचा पाटीलसुद्धा त्याला धरू शके. आपल्याच देशात, आपल्याच भाषेच्या मुलखात चार कोस चालणं हा गुन्हा होता.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा गेला आणि यादीतल्या जमाती 'विमुक्त' झाल्या. आज्याचं दुखणं तिथून पुढचं आहे. महाराष्ट्रात पारध्याला अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. शेत नाही, घर नाही, शाळा नाही, त्या माणसानं 1950 चा कागद कुठून आणायचा?

"माह्या बापाची दाही बोटं सरकारपाशी होती," आजा म्हणाला. "मी या मुलखाचा हाय, याचा कागद मात्र कोणापाशीच नाई."

अशा माणसांचं जगणं पुस्तकांतून पुढे आलं. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' हे आत्मकथन 1980 मध्ये आलं, नंतर लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या'. पुस्तकांची वाहवा झाली. मला मात्र त्या लेखकांनी आणि कार्यकर्ते बाळकृष्ण रेणके यांनी पालापालांवर जाऊन माणसं जोडली, ते अधिक मोलाचं वाटतं. फेब्रुवारी 1998 मध्ये बंगालात पुरुलियाला बुधन सबर हा सबर जमातीतला तरुण पोलीस कोठडीत मारला गेला. त्याच वर्षी लेखिका महाश्वेतादेवी, अभ्यासक गणेश देवी आणि गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी देशपातळीवर गट उभारला. बुधनच्या मृत्यूचा खटला कोलकाता उच्च न्यायालयात गेला, त्याच्या विधवेला भरपाई देण्याचा आदेश झाला. एका सबराच्या मरणावर महाराष्ट्रातला उचल्या समाजाचा लेखक बोलतो, ही एकजूट गुन्हेगार जमाती कायद्यानंच भोगायला लावलेल्या दुःखातून आली.

आता बेड्यावर 31 ऑगस्टला विमुक्त दिनाची सभा भरते. मागणी साधी आहे: कागद नसेल तिथे अधिकाऱ्यांनी बेड्यावर येऊन चौकशी करावी, जुन्या माणसांचे जबाब घ्यावेत आणि दाखला द्यावा. माझी त्यात एक भर आहे. खानदेश आणि वऱ्हाड आता एकाच राज्यात आहेत. ब्रिटिश अमदानीतल्या ठशांच्या आणि हजेरीच्या वह्या जिथे कुठे उरल्या असतील तिथून सरकारनं स्वतः शोधून काढाव्यात आणि आज्याच्या अर्जाला वास्तव्याचा पुरावा म्हणून जोडाव्यात.