लिंबाची सावली आणि जर्शी गाय

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमचा माणदेश तसा कायमचाच कमी पावसाचा. त्या साली तर माण नदीत नुसती वाळू उरली. माणसं सुकडी आणि मिलो खाऊन खडी फोडायला जात होती. दावणीला एक खिलार गाय आणि दोन बैल. आई दिवस उगवायच्या आत शेवरी, हादगा, लिंबाचा पाला आणायची, बाभळीच्या शेंगा वेचायची. औषध म्हणून नव्हे, दुसरं काही नव्हतंच म्हणून. बैल शेवटी बाजारात गेले. गाय तेवढी तगली. भर उन्हात ती दारच्या लिंबाखाली रवंथ करत बसलेली मला अजून दिसते.

त्याच सुमाराला देशात दुधाचा महापूर आणायची योजना सुरू झाली होती. उरळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ संस्था काढली आणि संकरित गाईचं काम खेड्यापाड्यांत गेलं. आमच्या वस्तीवर ती गाय यायला १९८९ साल उजाडलं. मी कर्ज काढून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गाय आणली. होती ती होल्स्टिन जातीची, पण आम्ही सगळ्याच संकरित गाईंना जर्शी म्हणायचो. खिलार गाय वासराला पाजून तांब्याभर दूध द्यायची; हिनं बादली भरली. पोरीच्या शाळेचा खर्च तिच्या दुधावर निघाला, हे विसरून चालणार नाही.

गोठ्याला पत्र्याचं शेड घातलं. मध्ये येतो म्हणून दारचा लिंब तोडला. आई म्हणाली, "लेका, सावली तोडून सावली करतोस व्हय?" मी ऐकलं नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, गाय चारा टाकून उभी राहिली. तोंडाला फेस, जीभ बाहेर, धाप थांबेना. डॉक्टर येईपर्यंत ताप १०७ वर गेला होता. संध्याकाळी ती गेली. कर्ज राहिलं.

डॉक्टरांनी मग बांधावर बसून समजावलं, "दादा, गाईच्या पोटात चारा आंबतो, तिथंच भट्टी पेटलेली असते. जास्त दूध देणारी गाय जास्त खाते, म्हणून तिची भट्टी मोठी. खिलारीचं कातडं सैल, केस आखूड, घाम जास्त. ती उष्णता बाहेर टाकते. हिला ते जमत नाही. त्यात तुम्ही दुपारी वाळला कडबा घालता, वर पत्रा तापतो."

पुढची गाय आणली तेव्हा मी शहाणा झालो होतो. पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं. चारा पहाटे आणि दिवस मावळल्यावर, त्यात हिरवा घास आणि मका. प्यायला दिवसभर गार पाणी; लाळेतून, घामातून मीठ जातं म्हणून पाण्यात थोडं मीठ आणि गूळ. बांधावर शेवरी, हादगा, शेवगा पुन्हा लावला. सुबाभळीचा पालाही घातला, पण बेतानं. जास्त झाला की जनावराचे केस गळतात.

आता दुकानात आवळा, शतावरी, अश्वगंधा, तुळस यांच्या पावडरीच्या पुड्या मिळतात. उन्हाळ्यात मीही डॉक्टरांना विचारून देतो. जनावर चाऱ्याला तोंड लावतं, असा माझा अनुभव. पण पुडी म्हणजे जेवणातलं लोणचं. ताटात भाकरीच नसेल तर लोणच्यानं पोट भरत नाही. सावली, पाणी आणि हिरवा पाला ही भाकरी.

गोठ्यामागं मी नवा लिंब लावला. तो वर आला, पण त्याची सावली दावणीपर्यंत पोचायच्या आत आई गेली. आता दुपारी गाई तिथंच बसतात.