कोकण किनाऱ्यावरील स्पॅनिश रौप्य नाणी : ओळख आणि नोंद

प्रस्तावना : चौल व वसई ही पोर्तुगीज ठाणी आणि त्यांच्या दरम्यान असलेले, घाटवाटांनी देशाशी जोडलेले पनवेलचे खाडीबंदर यांमुळे हा प्रदेश सागरी व्यापाराशी दीर्घकाळ निगडित राहिला. या व्यापारातून पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या चांदीचा मोठा भाग स्पॅनिश अमेरिकेतील होता. तथापि मूळ स्पॅनिश नाणी येथे विरळाच आढळतात. प्रस्तुत लेखात या विसंगतीचे कारण व नाण्यांच्या ओळखीचे निकष मांडले आहेत.

चांदीचा प्रवास : १५४५ मध्ये पोतोसी (सध्याचा बोलिव्हिया) येथे चांदीचा साठा सापडला. पोतोसी व मेक्सिको येथील टांकसाळींत पडलेली आठ रियालांची नाणी लिस्बनमार्गे गोव्यात येत. १५८० ते १६४० या काळात स्पेन व पोर्तुगाल एकाच राजाच्या अमलाखाली होते. १५८३ मध्ये गोव्यात आलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने तेथील चलनांत या नाण्यांचा उल्लेख केला आहे. पुढे इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीनेही सुरतेस रियाल आणले. मोगल टांकसाळीत मात्र परकीय चांदी वितळवून रुपये पाडले जात. सुमारे २७ ग्रॅम वजनाच्या एका नाण्यातून दोनहून किंचित अधिक रुपये होत. अर्थात, नाणे नाहीसे झाले तरी चांदी रुपयाच्या रूपाने चलनात राहिली.

ओळखीचे निकष : हातोड्याने पाडलेल्या जुन्या नाण्यांचा आकार अनियमित असून त्यांवर क्रूस व त्याच्या चार कोनांत किल्ले आणि सिंह असतात. १७३२ पासून मेक्सिकोत यंत्राने पाडलेल्या गोल नाण्यांवर दोन स्तंभ व त्यांमध्ये दोन पृथ्वीगोल, तर १७७२ नंतरच्या नाण्यांवर राजाची मुखाकृती दिसते. रोमन ‘एम’ व त्यावरील लहान ‘ओ’ ही मेक्सिको टांकसाळीची खूण होय. सराफांनी पारखताना उमटविलेले छाप हा दोष नसून नाणे बाजारात फिरल्याचा पुरावा आहे. ते घासून काढू नयेत. वजन व कडेची नक्षी तपासल्यास बनावट नाणी बहुधा उघड होतात.

निष्कर्ष : संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याचे मोल चांदीत व दुर्मिळतेत असते, इतिहासाच्या दृष्टीने ते सापडलेल्या जागेत असते. स्थळाची नोंद नसलेले नाणे टांकसाळीविषयी सांगते, कोकणाविषयी मौन पाळते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा भूगत निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. कुटुंबांतून जपलेल्या नाण्यांचे वजन, छायाचित्र व प्राप्तिस्थान यांची नोंद महाविद्यालयीन इतिहास विभागांनी करून ठेवावी. एकदा सोनाराच्या मुशीत गेलेला पुरावा पुन्हा मिळत नाही.