ई-पास: गर्दी मोजणं वेगळं, गर्दी रोखणं वेगळं

शाश्वत पर्यटन आणि तंत्रज्ञान म्हटलं की एआय, व्हीआर असे शब्द लगेच येतात. मला विचाराल तर या क्षेत्रातलं सर्वात कामाचं सॉफ्टवेअर अगदी साधं आहे: उरलेल्या जागांचा आकडा सांभाळणारी बुकिंग सिस्टिम.

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचं कास पठार घ्या. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, आणि त्यावर पावसाळा सरताना फुलं. लोक त्यावरून चालले की माती दबते आणि रोपं पुन्हा उगवायची पंचाईत होते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांसोबत कास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. पुढे फुलांच्या हंगामासाठी रोज ३००० पर्यटकांची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग आलं.

अशा सिस्टिममध्ये खरी गंमत शेवटच्या जागेला येते. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं आणि दोघांच्याही रिक्वेस्टने '१ शिल्लक' असं वाचलं, तर पास दोघांनाही मिळेल. म्हणून आकडा वाचणं आणि कमी करणं ही डेटाबेसमध्ये एकच अखंड क्रिया ठेवतात. पैसे भरेपर्यंत जागा काही मिनिटं राखून ठेवायची, पेमेंट फसलं तर परत मोकळी करायची.

दुसरी अडचण रेंजची. डोंगरात नेटवर्क नसेल तर गेटवर क्यूआर तपासायचा कसा? पासवर डिजिटल सही असेल तर गेटवरचा फोन इंटरनेटशिवायही तो खरा की बनावट हे ओळखतो. पण तोच पास दुसऱ्या गेटवर आधीच वापरलाय का, हे मात्र सिंक झाल्याशिवाय कळत नाही.

आता उटी आणि कोडाईकनाल. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मे २०२४ मध्ये तिथे ई-पास आला, पण सुरुवातीला तो मागेल त्याला मिळायचा. म्हणजे नुसती मोजणी! मर्यादा आली २०२५ च्या उन्हाळ्यात: निलगिरीत रोज ६००० वाहनं, शनिवार-रविवारी ८०००; कोडाईकनालला ४००० आणि ६०००. सरकारी बसने येणाऱ्यांना यातून सूट होती, आणि मला हाच सर्वात शहाणपणाचा नियम वाटतो. स्थानिक व्यापाऱ्यांनी मात्र विरोधात बंद पाळला. पोट पर्यटकांवरच असेल तर आणखी काय होणार?

व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून ५ युरो घेऊन क्यूआर द्यायला सुरुवात केली. तिथे संख्येवर मर्यादा नाहीच. २०२५ मध्ये ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी दर १० युरो केला. कोड जवळपास तोच, फक्त जागा संपल्याचा मेसेज कधीच येत नाही.