चित्रपट गेले, भित्तिपत्रके उरली

चित्रपटाचे भित्तिपत्रक, म्हणजे आपल्या बोलीतले पोस्टर, जपून ठेवण्यासाठी छापलेले नसते. शुक्रवारी नवा खेळ लागला की जुन्या कागदावर खळ फासून नवा कागद डकवायचा, ही टॉकीजची रीत. म्हणून जुने पोस्टर मिळते ते टॉकीजमध्ये नव्हे, तर घरांत. जालना जिल्ह्यात आम्हाला जी साठ-सत्तर पोस्टरे मिळाली, त्यांतील बहुतेक ट्रंकेच्या तळाशी अंथरलेली होती किंवा शाळेच्या पुस्तकांची वेष्टने झाली होती. एका धर्मगुरूला हा छंद कशाला, असे काहींना वाटते. त्याचे उत्तर इतिहासातच आहे.

धुंडिराज गोविंद फाळके हे मूळचे चित्रकार व छायाचित्रकार. पुढे ते छापखान्याच्या धंद्यात मुरले. राजा रविवर्म्याच्या चित्रांचे शिळाछापाचे कामही त्यांनी केले होते. १९१० च्या सुमारास मुंबईत त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असताना आपल्या मनश्चक्षूंसमोर राम-कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. त्या बेचैनीतून ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लागला. भारतीय चित्रपटाच्या उगमाशी असे ख्रिस्तचरित्र उभे आहे, ही गोष्ट आपल्या धर्मग्रामांत फारशी कुणाला ठाऊक नसते.

त्या काळची जाहिरात मात्र शब्दांचीच होती: हस्तपत्रके, वर्तमानपत्रातील मजकूर, फार तर बाजा वाजवीत फिरणारी गाडी. भिंतीवर चित्र आणले ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. बाबूराव मेस्त्री हे त्यांचे खरे नाव. नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांचा हात बसलेला, आणि चित्रपटाचा कॅमेराही त्यांनी स्वतःच घडवला. ‘वत्सलाहरण’ (१९२३) या मूकपटासाठी त्यांनी रंगीत, चित्रमय पोस्टर केले, आणि ‘कल्याण खजिना’ (१९२४) याचे पोस्टर आज उरलेल्या भारतीय पोस्टरांत सर्वांत जुन्यांपैकी मानले जाते. पोस्टर शिल्लक आहे, चित्रपट नाही. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले. त्यांतील हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सबंध उरले. नायट्रेटची फीत पेट घेते, नाही पेटली तर आपोआप कुजते. शिवाय तिच्यातील चांदी काढण्यासाठी कित्येक प्रती विकल्या गेल्या. अशा वेळी भिंतीवरच्या दीडदमडीच्या कागदाला साक्षीदाराची जागा घ्यावी लागते.

बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल हे ‘प्रभात’चे संस्थापक. कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली व १९३३ साली पुण्यास आली. ‘संत तुकाराम’ (१९३६) या दोघांनीच दिग्दर्शित केला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आमच्याकडे त्याचे एक पोस्टर आहे. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा अजून ताजा दिसतो. पण ते १९३६ चे नव्हे. लोकप्रिय चित्रपट वर्षानुवर्षे पुन्हा लागत, आणि प्रत्येक वेळी नवी पोस्टरे छापली जात. चित्रपटाचे साल म्हणजे कागदाचे साल नव्हे, हे संग्राहकाने प्रथम शिकावे. मोठ्या शहरांत अशी पोस्टरे भारी किमतीला विकली जातात आणि हल्ली नव्या नकलाही जुन्या म्हणून खपवल्या जातात. खरी पोस्टरे गावोगाव धाडण्यासाठी घडी घालून पाठवीत, म्हणून घड्यांच्या रेघा आणि कडेला छापखान्याचे नाव आम्ही आधी पाहतो. रंग नंतर.

आपल्या भागाचे निराळेपण या कागदांवर दिसते. सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होता. हिंदी पोस्टरांवर चित्रपटाचे नाव देवनागरी, उर्दू आणि रोमन अशा तीन लिप्यांत असे. येथील जुन्या पिढीतील पुष्कळांना त्यांतील उर्दूच आधी वाचता येई. ‘बरसात’ (१९४९) या चित्रपटाचे पोस्टर करणारे एस. एम. पंडित त्याच राज्यातील गुलबर्ग्याचे. खेड्यांत चित्रपट आला तो यात्रेतील तंबूतून. तंबूच्या मालकाजवळ पोस्टरांचे एकदोन संच असत. यात्रा संपली की तेच कागद काढून पुढच्या गावी. आमच्याकडच्या कित्येक पोस्टरांवर खिळ्यांची भोके दिसतात ती यामुळेच.

संग्रहात ‘दयासागर’चेही पोस्टर आहे. ए. भीमसिंग यांचा ‘करुणामयुडु’ हा तेलुगू चित्रपट १९७८ साली आला. विजयचंदर त्यात ख्रिस्ताच्या भूमिकेत होते. हिंदीत उतरल्यावर तो प्रोजेक्टरवरून गावोगाव दाखवला गेला. टॉकीजचे तोंड न पाहिलेल्या आयाबायांनी आयुष्यातला पहिला चित्रपट पाहिला तो हाच. कलेच्या दृष्टीने पोस्टर भडक आहे, हे मान्य. पण संग्रहातील हाच एक कागद असा आहे की, पाहणारा चित्राविषयी न बोलता त्या रात्री कुणाशेजारी बसलो होतो तेच सांगू लागतो.

जपणूक आम्ही साधीच करतो. घडी उलगडून, मध्ये पांढरा कागद घालून पोस्टर सपाट ठेवायचे. चिकटपट्टी कधीही लावायची नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपटांबरोबर पोस्टरे, छायाचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जमवीत आले आहे. आमच्याजवळचे मोलाचे कागद शेवटी तेथेच जावेत, असे आम्हाला वाटते.

तत्पूर्वी एका कागदाची ओळख पटायला हवी. परतूरकडील एका घरातून मिळालेले हे अर्धे पोस्टर. डोक्यावर पदर घेतलेली स्त्री, हातात समई, मागे वाड्याचा दरवाजा. चित्रपटाचे नाव फाटलेल्या भागाबरोबर गेले. खालच्या कडेला ‘लिथो’ एवढी दोन अक्षरे तेवढी उरली आहेत. तीन वडीलधाऱ्यांना दाखवले, तिघांनी तीन नावे सांगितली. कागद आमच्या कपाटात आहे. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा असतील, त्यांनी नाताळच्या सुटीत त्यांना घेऊन यावे.