वॉल्ट डिझ्नी वर्ल्डमधील खाद्य व पेय व्यवस्था

वॉल्ट डिझ्नी वर्ल्ड हे अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो शहरानजीकचे पर्यटन संकुल आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी खुले झालेले हे संकुल सुमारे ११० चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरले असून त्यात मॅजिक किंगडम, एप्कॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम ही चार मनोरंजन उद्याने, दोन जलोद्याने, डिझ्नी स्प्रिंग्ज हा खरेदी-भोजनाचा परिसर आणि अनेक हॉटेले आहेत. पर्यटक दिवसाचे दहा-बारा तास उद्यानात घालवत असल्याने कुठे, केव्हा आणि किती किमतीत खायचे हा प्रश्न सहलीच्या आखणीत पाळण्यांच्या रांगांइतकाच महत्त्वाचा ठरतो. तिकिटाच्या दरात जेवणाचा समावेश नसतो.

भोजनालयांचे प्रकार

येथील भोजनालये ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात काउंटरवर पैसे देऊन ताट स्वतः उचलून न्यायचे असते. दुसऱ्या प्रकारात वाढपी टेबलावर जेवण आणून देतात. काउंटरवरच्या भोजनालयांत २०१७ पासून मोबाइलवरील ॲपद्वारे आगाऊ मागणी नोंदवण्याची सोय सुरू झाली. दुपारी बारा ते दोन या वेळेत रांगा सर्वांत लांब असतात; अकराच्या सुमारास किंवा तीननंतर जेवणाऱ्यांचा बराच वेळ वाचतो.

टेबलावरच्या सेवेसाठी ६० दिवस आधीपासून आरक्षण करता येते. संकुलातील हॉटेलांत उतरणाऱ्यांना पहिल्या दिवसाबरोबरच मुक्कामाच्या पुढील दहा दिवसांपर्यंतचे आरक्षण एकदम करण्याची मुभा असल्याने लोकप्रिय जागा तेच आधी भरून टाकतात. आरक्षण करूनही न आल्यास सामान्यतः प्रतिव्यक्ती १० डॉलर आकारले जातात. खाद्यपत्रिकेवरील किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. टेबलावरच्या सेवेत बिलाच्या १८ ते २० टक्के बक्षिसी देण्याची अमेरिकन रीत आहे आणि सहा किंवा अधिक जणांच्या बिलात १८ टक्के आपोआप जोडले जातात. भारतीय पाहुण्याला छापील आकडा आणि प्रत्यक्ष द्यावी लागणारी रक्कम यांतील हा फरक पहिल्याच जेवणात जाणवतो.

संकुलातील हॉटेलांमध्ये राहणाऱ्यांसाठी २००५ मध्ये ‘डायनिंग प्लॅन’ सुरू करण्यात आला. त्यात जेवणाचे पैसे आधीच भरून दररोज ठरावीक जेवणे व न्याहारी मिळते. ही योजना २०२० मधील महासाथीत स्थगित झाली आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा लागू झाली. मोजके खाणाऱ्या कुटुंबाला ती बहुधा महागच पडते. मिकी माऊस किंवा राजकन्यांच्या वेशातील कलाकार ज्या जेवणांत टेबलापाशी येऊन भेटतात, तेथे ठरावीक दर असतो; अशा ठिकाणी मात्र तिचा लाभ होऊ शकतो. या जेवणांत तीन वर्षांखालील मुलांना आकार नसतो आणि तीन ते नऊ वयोगटासाठी वेगळा, कमी दर असतो.

एप्कॉट

१९८२ मध्ये सुरू झालेले एप्कॉट हे खवय्यांचे उद्यान मानले जाते. त्यातील ‘वर्ल्ड शोकेस’ विभागात तळ्याभोवती मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा या अकरा देशांची दालने आहेत. प्रत्येक दालनात त्या देशाचे खाद्यपदार्थ मिळतात. मेक्सिकोच्या दालनातील ‘सॅन एंजल इन’ छताखाली असूनही तेथे कायम संध्याकाळचा प्रकाश ठेवलेला असतो. फ्रान्सच्या दालनातील ‘शेफ्स दे फ्रान्स’ हे पॉल बोक्यूज, रॉजे व्हेर्जे आणि गॅस्तों लनोत्र या तीन ख्यातनाम फ्रेंच पाककर्त्यांनी उभारले. भारताचे कायमस्वरूपी दालन येथे नाही. १९९६ पासून भरणाऱ्या ‘फूड अँड वाइन फेस्टिव्हल’मध्ये काही वर्षी भारतीय पदार्थांचा ठेला लागला आहे.

‘द लँड’ या दालनात हरितगृहांमधून नौकाफेरी असते आणि तेथे पिकवलेली भाजी संकुलातील भोजनालयांत वापरली जाते. त्याच इमारतीतील ‘गार्डन ग्रिल’ हे भोजनालय जेवणाऱ्यांसह संथपणे फिरत राहते. ‘क्लब कूल’ येथे कोका-कोला कंपनीची देशोदेशीची शीतपेये विनामूल्य चाखता येतात. त्यांतील ‘बेव्हर्ली’ हे इटालियन पेय इतके कडू आहे की सोबत्याला काही न सांगता ते पाजणे हा नेहमीच्या पर्यटकांचा आवडता खोडकरपणा झाला आहे.

इतर उद्याने व हॉटेले

हॉलिवूड स्टुडिओजमधील ‘साय-फाय डाइन-इन’ येथे जुन्या मोटारींच्या आकाराच्या टेबलांशी बसून पडद्यावर जुन्या विज्ञानपटांचे तुकडे पाहत जेवायचे असते. जेवणापेक्षा देखावा सरस, असे त्याबद्दल म्हणता येईल. ‘स्टार वॉर्स’वर आधारित विभागात मिळणारे निळे दूध प्रत्यक्षात नारळ व तांदळाच्या दुधापासून केलेले गोठवलेले पेय आहे. मॅजिक किंगडममधील अननसाच्या चवीचे ‘डोल व्हिप’ हे मऊ आइसक्रीम १९८० च्या दशकापासून लोकप्रिय आहे. धुरावलेली टर्कीची तंगडी ही सुमारे पाऊण किलोची असून ती बहुधा दोघांत मिळून संपते.

हॉटेलांतील भोजनालयांत जेवण्यासाठी तेथे उतरण्याची अट नसते. ‘ॲनिमल किंगडम लॉज’ या हॉटेलातील ‘साना’ भोजनालय भारतीय वाचकांच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या या भोजनालयात हिंदी महासागराच्या काठावरील आफ्रिकी व भारतीय पाकपरंपरांचा मेळ घातलेला आहे. नान व इतर भाकरी-पोळ्यांच्या जोडीला नऊ प्रकारच्या चटण्या व तोंडीलावणी देणारे तेथील ताट अमेरिकन पर्यटकांतही प्रसिद्ध आहे. खिडकीबाहेरच्या कुरणात जिराफ व झेब्रे चरताना दिसतात. ‘ग्रँड फ्लोरिडियन’ हॉटेलातील ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स’ला २०२४ मध्ये मिशेलिन तारा मिळाला, तेथे दहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.

मद्य व पाणी

वॉल्ट डिझ्नी यांना कौटुंबिक वातावरण हवे असल्याने कॅलिफोर्नियातील मूळ डिझ्नीलँडमध्ये (१९५५) मद्यविक्री ठेवलेली नव्हती आणि मॅजिक किंगडमनेही तीच प्रथा चालवली. एप्कॉटमध्ये मात्र सुरुवातीपासून मद्य मिळत आले आहे. मॅजिक किंगडममधील बंदी २०१२ मध्ये ‘बी अवर गेस्ट’ भोजनालयात रात्रीच्या जेवणासोबत बिअर व वाइन देण्यापासून सैल झाली आणि २०१८ पर्यंत तेथील टेबलसेवेच्या सर्व भोजनालयांत मद्य मिळू लागले. फ्लोरिडात मद्यपानासाठी किमान वय २१ वर्षे आहे.

फ्लोरिडाच्या दमट उन्हाळ्यात पाण्याला विशेष महत्त्व येते. शीतपेयांचे यंत्र असलेल्या काउंटरवर बर्फाचे पाणी विनामूल्य मागता येते. अनेक पर्यटक हे ठाऊक नसल्याने बाटल्या विकत घेतात. ॲनिमल किंगडममध्ये प्राण्यांच्या सुरक्षिततेसाठी पेल्यांना प्लॅस्टिकची झाकणे व नळ्या दिल्या जात नाहीत.

शाकाहार, अॅलर्जी व घरचे खाणे

२०१९ मध्ये संकुलातील खाद्यपत्रिकांवर वनस्पतिजन्य पदार्थांसाठी पानाचे चिन्ह आणण्याची घोषणा झाली. मांस, दूध, अंडी व मध यांपैकी काहीही नसलेल्या पदार्थालाच हे चिन्ह मिळते. नुसत्या ‘व्हेजिटेरियन’ पदार्थात मात्र अमेरिकेत अंडे असू शकते, तर पानाचे चिन्ह कांदा-लसणाबद्दल काहीच सांगत नाही. जैन किंवा उपवासाचे नियम पाळणाऱ्यांनी टेबलसेवेच्या ठिकाणी आरक्षणातच तसे नोंदवून वाढप्याशी अथवा आचाऱ्याशी बोलणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

अॅलर्जी असणाऱ्यांसाठी बहुतेक भोजनालयांत स्वतंत्र खाद्यपत्रिका असते. डिझ्नी स्प्रिंग्जमधील अनेक भोजनालये मात्र अन्य मालकांकडून चालवली जातात. २०२३ मध्ये तेथील अशाच एका भोजनालयात जेवल्यानंतर तीव्र अॅलर्जीमुळे एका महिलेचा मृत्यू झाला. अॅलर्जीची कल्पना वारंवार देऊनही काळजी घेतली गेली नाही, असा आरोप करत तिच्या पतीने दावा दाखल केला. त्याने पूर्वी डिझ्नीच्या चित्रपटसेवेची चाचणी-वर्गणी घेताना लवादाची अट मान्य केली होती, असा बचाव कंपनीने मांडला. तीव्र टीकेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये तो मागे घेण्यात आला.

उद्यानात स्वतःचे खाद्यपदार्थ व मद्यविरहित पेये नेण्यास परवानगी आहे. काचेच्या बाटल्या, सुटा बर्फ आणि कोरडा बर्फ यांना मनाई आहे. लहान मुलांच्या अन्नाच्या काचेच्या बरण्या अपवाद आहेत. पदार्थ तापवून देण्याची सोय गृहीत धरता येत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबांच्या पिशव्यांतील चिवडा, दशम्या आणि कोरड्या चटण्या येथे चालून जातात. ताजी फळे व मांसाचे पदार्थ मात्र अमेरिकेच्या विमानतळावरील सीमाशुल्क तपासणीतच अडू शकतात.