फटाक्यांतील क्लोरेट : एका बंदीचा इतिहास

दिवाळीत घरांना लागणाऱ्या आगींची चर्चा होते तेव्हा पडद्यापाशी ठेवलेली पणती, गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलेली ठिणगी आणि भरकटलेला बाण हीच चित्रे डोळ्यांपुढे येतात. या तिन्हींत आग बाहेरून येते, म्हणून ती दिसते. फटाक्यांच्या इतिहासाला मात्र आगीचा आणखी एक प्रकार ठाऊक आहे. त्यात काडी ओढणारे कोणी नसते. बंद खोका आपोआप पेट घेऊ शकतो. या प्रकाराच्या मुळाशी दोन पदार्थांची जोडी आहे : गंधक आणि पोटॅशियम क्लोरेट.

भारतातील शोभेच्या दारूला प्रारंभी या जोडीची ओळख नव्हती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी इ.स. १४०० ते १९०० या काळातील भारतीय आतषबाजीचा इतिहास साधार मांडला आहे. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या ‘कौतुकचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथात आतषबाजीच्या कृती सापडतात, त्या सोरा, गंधक आणि कोळसा यांवरच उभ्या आहेत. पेशव्यांच्या बखरीत कोट्याच्या दिवाळीचे वर्णन येते. तेथील ‘दारूची लंका’ राजधानीच्या बाहेर पेटवली जात असे. हेतू काहीही असो, अंतर राखणे हा आगप्रतिबंधाचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ज्वलनासाठी लागणारा ऑक्सिजन तो स्वतःच्या रेणूतून पुरवतो, परंतु तो सोडवण्यासाठी आधी बाहेरून बरीच उष्णता द्यावी लागते. सोरा आणि गंधक यांचे मिश्रण पेटण्यास सुमारे ३४० अंश सेल्सिअस तापमान लागते. हा कंजूषपणाच घराचे रक्षण करतो.

१७८० च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोले याने पोटॅशियम क्लोरेट तयार केले आणि चित्र बदलले. क्लोरेटचे विघटन उष्मादायी असते. एकदा सुरू झाले की ते स्वतःच्या उष्णतेवर पुढे चालते. सोऱ्याच्या जागी हे क्लोरेट वापरल्यास अधिक जोरकस तोफदारू मिळेल, अशी आशा होती. १७८८ च्या ऑक्टोबरात पॅरिसजवळील एसोन येथील कारखान्यात तसा प्रयोग झाला. लव्हॉयझिए, त्याची पत्नी आणि बर्थोले तेथे हजर होते. ते मिश्रणापासून दूर असतानाच स्फोट झाला आणि दोघांचा बळी गेला. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारा माणूस त्या दिवशी केवळ योगायोगाने वाचला.

तोफांसाठी क्लोरेट निरुपयोगी ठरले, आतषबाजीने मात्र ते उचलले. एकोणिसाव्या शतकात रंगीत ज्वाला शक्य झाल्या, त्या मुख्यतः त्याच्यामुळे. या सौंदर्याची किंमत मोठी होती. क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण सोऱ्याच्या मिश्रणापेक्षा कितीतरी कमी तापमानाला पेटते. घर्षण किंवा आघातही त्याला पुरेसा होतो. त्याहून वाईट म्हणजे दमट हवेत गंधकाचे अल्प प्रमाणात आम्लात रूपांतर होते. हे आम्ल क्लोरेटवर क्रिया करते, त्यातून क्लोरीन डायऑक्साइड हा अत्यंत अस्थिर वायू निर्माण होतो, तो गंधकाशी भिडतो आणि मिश्रण आतून तापू लागते. काडीची गरज उरत नाही.

ब्रिटनने १८९४ मध्येच या मिश्रणावर बंदी घातली. भारतात १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली २७ जानेवारी १९९२ रोजी निघालेल्या अधिसूचनेने गंधक व कोणतेही क्लोरेट एकत्र असलेल्या स्फोटकांचे उत्पादन, बाळगणे आणि आयात निषिद्ध केली. अपवाद मोजकेच ठेवले : वैज्ञानिक प्रयोगांसाठी लागणारे अल्प प्रमाण, आगकाडीचे टोक आणि मुलांच्या पिस्तुलातील टिकल्या. टिकलीत दारू कणभर असते आणि आगकाडीच्या टोकातील मिश्रण सरसात घट्ट बांधलेले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हे अपवाद विचित्र वाटत नाहीत.

परवानाधारक कारखान्यांतील फटाके त्यामुळे नायट्रेट, गंधक आणि ॲल्युमिनियमच्या भुकटीकडे वळले. प्रश्न उरतो तो चोरट्या मालाचा. क्लोरेट असलेले परदेशी बनावटीचे फटाके बाळगणे व विकणे बेकायदा असल्याचा इशारा केंद्र सरकारला २०१४ मध्ये द्यावा लागला. अशा मालाचा उरलेला खोका गेल्या दिवाळीपासून माळ्यावर पडून राहिला, तर तो मधला संपूर्ण पावसाळा दमट हवेत काढतो. वर वर्णिलेल्या अभिक्रियेला याहून सोयीची जागा नाही.

२३ ऑक्टोबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेच्या पुढाकाराने ‘हरित’ फटाके आले. ते बेरियमचे क्षार टाळून किंवा कमी करून सुमारे तीस टक्के कमी कण सोडावेत, अशी त्यांची आखणी आहे. ‘हरित’ या शब्दाने येथे थोडा घोटाळा केला आहे. ही कसोटी प्रामुख्याने धुराची आणि आवाजाची आहे. हरित फुलबाजीची तारसुद्धा विझल्यानंतर काही काळ कापड पेटवण्याइतकी तप्त राहते. ती बादलीभर पाण्यात किंवा वाळूतच टाकावी लागते.