आमच्या पेठेतले टपाल

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा अध्यक्षबाईंचा निरोप आला तेव्हा मी घाबरलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण मागल्या महिन्यात माळा झाडताना सासूबाईंचा पत्र्याचा डबा हाती लागला. आत मनिऑर्डरीची कुपने दोऱ्याने बांधून ठेवलेली. त्यावरून सुचले ते लिहीत आहे. चूकभूल भगिनींनी पोटात घालावी.

१८५४ च्या कायद्याने टपालाचा कारभार देशभर एकसारखा झाला. पूर्वी अंतराप्रमाणे पैसे पडत. आता अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र कितीही लांब जाऊ लागले. १८७९ साली पोस्टकार्ड निघाले, ते एका पैशाला. १८८० पासून टपालखाते मनिऑर्डरी पोचवू लागले आणि १८८२ साली पोस्टाची बचत बँक आली. मुंबईत गिरण्या वाढल्या तसा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातला घरटी एक माणूस तिकडे गेला आणि मागे राहिलेले घर मनिऑर्डरीवर चालू लागले.

लहान गावाला स्वतंत्र कचेरी कुठली? थोड्या मोबदल्यावर हे काम शाळामास्तरांना नाही तर दुकानदाराला दिलेले असे. आमच्या पेठेत ते किराणा दुकानात होते. एकीकडे गूळ, रॉकेल, चहाच्या पुड्या. दुसरीकडे शिक्के नि तिकिटे. कार्डांना मिठातेलाचा वास यायचा, असे सासूबाई सांगत. पत्र दुकानातच मोठ्याने वाचले जाई, त्यामुळे कोणाचे काय चालले आहे ते संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर कळे.

सासरे परळला गिरणीत होते. दरमहा पन्नास रुपये यायचे. दुकानदार आधी उधारीची वही काढी, आपले पैसे वळते करून घेई आणि उरलेले सासूबाईंच्या पुढ्यात ठेवी. अंगठा मात्र पुऱ्या पन्नासावर! साक्षीला दुकानातलेच गिऱ्हाईक. वहीत काय लिहिले आहे हे बाईमाणसाने विचारायचे कसे?

माझे यजमान पहिलीत गेले तेव्हा त्यांच्या पाटीवर सासूबाईंनी अक्षरे गिरवली. चुलीपुढे बसून, कोळशानेसुद्धा. चार-पाच महिन्यांनी मनिऑर्डर आली तेव्हा शाईची डबी बाजूला सारून म्हणाल्या, "सही करत्ये. पैसे आधी सगळे हातात द्या." दुकानात सगळे गप्प झाले. त्यांनी पन्नास रुपये मोजून घेतले, वही वाचायला मागितली आणि मग उधारी स्वतःच्या हाताने दिली. त्या महिन्यात उधारी सात रुपयांनी कमी निघाली. त्याच फळीवर त्यांनी बचतीचे पासबुक काढले. सासऱ्यांना ते पुष्कळ दिवस सांगितले नव्हते, हेही इथे लिहायला हरकत नाही.

डब्यातले शेवटचे कुपन जानेवारी १९८२ चे आहे. खाली सासऱ्यांच्या अक्षरात, "संप होणार म्हणतात. जपून खर्च करावा." १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. सासरे शिमग्याला घरी आले ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत. पुढचा सबंध पावसाळा घर त्या पासबुकावर चालले.

ते दुकान आता मोबाइलचे आहे. तारसेवाही २०१३ साली बंद झाली. पासबुक मी पुन्हा डब्यात ठेवले आहे. त्यातल्या प्रत्येक सहीचे शेवटचे अक्षर ओळीखाली उतरलेले आहे.